पाच नंबरकडे राहिलेली वाटी

स्कॉटलंडहून ऊर्जानगरला परत येऊन आता तीन महिने होतील. भेटेल ती बाई विचारते, "कसं होतं वं तिकडं?" मी "थंड होतं" म्हणून सुटका करून घेते, कारण कंपनीची बस येईपर्यंतच्या पाच मिनिटांत सांगून व्हावं असं ते नाही. म्हणून लिहून काढते आहे. किल्ले आणि राजवाडे हवे असतील त्यांनी इथेच थांबावं. दीड महिन्यात मी एका रस्त्यावरच्या अकरा दारांपलीकडे फारसं काही पाहिलं नाही.

माझी ओळख एवढीच की तीस वर्षं मोहर्ली रोडवरच्या उपकेंद्रात नर्स होते. आमचे हे थर्मलमध्ये, म्हणजे इथल्या वीजकेंद्रात आहेत. त्यांच्या नोकरीची दोन वर्षं बाकी आहेत, म्हणून अजून क्वार्टरमध्येच राहतो. एकुलती एक मुलगी सुजाता. ती लग्न करून तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात राहते आणि घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. जावई निखिल वर्ध्याचा, स्वभावानं गाईसारखा. पण त्याची नोकरी समुद्रातल्या पवनचक्क्यांवर. दोन आठवडे घरी, दोन आठवडे पाण्यात. गावाचं नाव लिहायचं नाही अशी सुजातानं मला तंबी दिली आहे.

ती बाळंत होणार म्हणून मी गेले. तपासण्या चांगल्या होत्या, बाळंतपणाची मला भीती नव्हती. भीती होती ती नंतरची. मी परत आले आणि निखिल समुद्रात असला, की हातात तान्हं पोर घेऊन माझी लेक कुणाचं दार वाजवणार? विमानात सोळा तास मी हाच विचार करत होते.

ओळ

स्टेशनवरून टॅक्सी वळली आणि निखिल म्हणाला, "आई, आली आपली ओळ."

मला आधी ते एकच लांबलचक घर वाटलं. मधाच्या रंगाचा दगड, तीन मजले, एकासारख्या एक उंच खिडक्या, प्रत्येक खिडकीला बारा काचा. मग दारं मोजली तेव्हा कळलं की अकरा घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत आणि प्रत्येक दोन घरांत भिंत एकच. तिकडे अशा ओळीला टेरेस म्हणतात, आपल्या गच्चीशी त्याचा काही संबंध नाही. ओळ दोनशे वर्षांपूर्वीची. त्या काळात तिथे एकामागून एक चार राजे झाले आणि चौघांचं नाव जॉर्ज, म्हणून ही बांधणीही जॉर्जियन. नवं नाव शोधायचा कंटाळा राजघराण्यातही असतो हे ऐकून बरं वाटलं.

प्रत्येक दाराला चार पायऱ्या, बाजूला काळा लोखंडी कठडा, दारावर अर्ध्या चकलीसारख्या गोलात काचेची नक्षी. पायरीजवळ दगडात रोवलेली एक लोखंडी पट्टी दिसली. मी विचारलं हे काय, तर म्हणे जुन्या काळी बुटांचा चिखल खरवडायला. नागभीडकडच्या माझ्या माहेरी रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बांधावरून आलेल्या माणसाच्या पायावर तांब्याभर पाणी ओततात. इथे पाणी बर्फासारखं, म्हणून पट्टी.

दारांचा रंग ठरलेला असतो आणि तो बदलायचा तर आधी परवानगी काढावी लागते. सुजाता हे मोठ्या अपूर्वाईनं सांगायला लागली. मी म्हटलं, "मले काय सांगतं? आपल्या क्वार्टरच्या दाराले तरी कोण रंग बदलू देते?"

पण आमच्या क्वार्टरचं दार सकाळी उघडलं की झोपायच्या वेळी लागतं. समोरची पोरं माझ्या घरातून पाणी पिऊन जातात, मी सायकलवाल्या भाजीवाल्याशी भांडत असले की शेजारीण तिच्या ओट्यावरून माझ्या बाजूनं भांडते. या ओळीत अकराच्या अकरा दारं बंद होती. मी खिडकीशी बसून हिशेब मांडला. आमचं चार नंबर, खालचा मजला. वरचा मजला सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी, म्हणजे रिकामाच. दोन नंबरला दातांचा डॉक्टर, नऊला वकील, दोघेही संध्याकाळी कुलूप लावून जाणारे. दोन घरांचे मालक वर्षातून एकदा उगवणारे. उरली सहा दारं.

त्या सहांपैकी पाच घरांतली माणसं दिसली की हसून "छान हवा आहे" म्हणायची आणि चालू पडायची. सहावा माणूस पाच नंबरचा, आमच्या अगदी भिंतीला भिंत लावून राहणारा. ऐंशीच्या घरातला उंच म्हातारा, डोक्यावर लोकरी टोपी. मी तीन वेळा "गुड मॉर्निंग" म्हटलं. तीनही वेळा त्यानं मान वळवली नाही.

"सुजू, हा पाच नंबरवाला बाबा मोठा शिष्ट दिसून राह्यला."

"आई, नंबरानं काऊन बोलवतं माणसाले? त्याइचं नाव डंकन आहे."

"तू बोलली का कधी त्याइच्याशी?"

"तीन वर्षांत दोनदा. एकदा पार्सल चुकीचं आलं होतं."

मी मनातल्या मनात पाच नंबरावर काट मारली.

सव्वा महिना

नातू झाला. तीस वर्षं बायकांची बाळंतपणं केली, पण आपल्या पोरीचा हात धरून नुसतं उभं राहायचं असतं तेव्हा सगळं शिक्षण गळून पडतं. तिथल्या सुईणबाईनं मला हळूच बाजूला केलं आणि म्हणाली, "आज तुम्ही फक्त आई व्हा." मी तिच्यासमोरच रडले. निखिल माझ्या आधीपासून रडत होता.

तिसऱ्या दिवशी घरी आलो आणि युद्ध सुरू झालं. युद्ध माझं माझ्याशीच. उपकेंद्रात मी बायकांना दरडावून सांगायचे, की खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, सव्वा महिना अंधारात कोंडून घेऊ नका. इथे घरी तपासायला आलेली सुईण म्हणाली, "हवा सुंदर आहे, बाळाला गाडीत घालून फिरवून आणा." बाहेर नऊ डिग्री. मी सुजाताच्या कानाला स्कार्फ बांधला, बाळाला तीन टोपडी घातली आणि तिसरं सुईणीनं काढलं.

पण ती बाई मला आवडली. तिनं पिशवीतून झोळीचा काटा काढला आणि बाळाला टांगून वजन केलं. अगदी तसाच काटा माझ्या खांद्याला तीस वर्षं होता. मी तिला सांगितलं की एकदा मोहर्ली रोडवर वाघ आडवा बसला आणि मी स्कूटी बंद करून लसींचा डबा मांडीवर घेऊन अर्धा तास थांबले. वाघाची भीती वाटलीच, पण डब्यातला बर्फ वितळेल याची जास्त वाटत होती. ती पोट धरून हसली. म्हणाली, "मला आजवर फक्त मेंढ्यांनी अडवलंय."

घरात मी अळिवाची खीर, जवसाची चटणी, डिंकाचे लाडू असं सगळं सुरू केलं. बाळ रडलं की हॉलमधल्या जुन्या शेकोटीपाशी बसून मांडीवर घेत होते आणि आमच्याकडची अंगाई म्हणत होते. ती शेकोटी आता पेटवत नाहीत. वरच्या संगमरवरी फळीवर सुजातानं बुद्धमूर्ती ठेवली आहे. माझा गळा काही गाण्याचा नाही, पण नातवाला तेवढी समज अजून नाही.

दोन आठवडे झाले आणि निखिलची बॅग दारात आली. जाताना तो बाळाच्या पायाचा वास घेत बसला. सुजाता हसत होती. दार लागल्यावर न्हाणीघरात गेली आणि नळ चालू केला. नळाचा आवाज कशासाठी करतात ते आईला कळतं. माझ्या परतीच्या तिकिटाला तेव्हा चोवीस दिवस उरले होते.

खीर

बुद्धपौर्णिमा आली. आमच्याकडे त्या दिवशी विहारासमोर मोठ्या गंजात खीर शिजते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला देतात. कोण, कुठला, विचारत नाहीत. मी ठरवलं, खीर करायची आणि सहाही दारांवर न्यायची.

सामान मी घरूनच नेलं होतं. आमच्या भागातला बारीक एचएमटीचा तांदूळ दोन किलो. आणि चारोळी. ती दिली होती मडावीबाईनं. तिचं गाव गडचिरोलीत, जंगलात आहे. माहेरपणाला मोहर्लीकडे आली असताना तिची दोन्ही पोरं माझ्या हातून झाली. निघायच्या आधी ती पुडी घेऊन घरी आली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या पोरीले न्या. आमच्या जंगलातली हाये, मीच फोडली." चारोळीचं एकेक टरफल फोडायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं, म्हणून ती पुडी मी हँडबॅगेतून नेली.

आणि सहा वाट्या. सुजाता बारावीत असताना तिच्या लग्नासाठी स्टीलचा सेट घेऊन ठेवला होता. दुकानातल्या माणसाकडून प्रत्येक भांड्यावर नाव टाकून घेतलं, "सुजाता". लग्न निखिलच्या सुट्टीमुळे आठ दिवसांत विहारात उरकलं आणि सेट माळ्यावरच राहिला. त्यातल्या सहा वाट्या मी साडीत गुंडाळून नेल्या होत्या.

"आई वं, कागदाच्या वाटीत दे," सुजाता म्हणाली.

"खीर काय कागदात देतात? आजारी माणसाले औषध हाये का ते?"

एकेक दार वाजवलं. माझं इंग्रजी म्हणजे लसीकरणाच्या फॉर्मवरचं, पण "टुडे फेस्टिवल, बेबी, फॉर यू" एवढं पुरलं. लोक गडबडले, लाजले, वाट्या घेतल्या. पाच नंबरवाल्यानं दार उघडलं, वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दोन्ही हातांनी वाटी घेतली आणि एक शब्द न बोलता दार लावलं.

दुसऱ्या दिवसापासून वाट्या परत यायला लागल्या. कुणी दाराशी ठेवून गेलं, कुणी हातात दिली. घासून लख्ख, सोबत सुंदर कार्ड, आभार. आणि वाटी रिकामी. पाचही वाट्या रिकाम्या!

मी ओट्यावर त्या ओळीनं मांडल्या आणि बसून राहिले. आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, गूळ घालतात. रिकामी वाटी म्हणजे झालं आपलं, पुढे काही नाही.

"आई, इथी तसं नसते. कार्ड लिहिलं म्हणजे खूप झालं. किती छान लिहिलं पाह्य."

"कार्ड काय ताटात वाढू?"

"तू काऊन एवढं मनावर घेतं?"

आता काय सांगणार होते मी तिला? की पोरी, मी खीर वाटत नव्हते, तुझ्यासाठी एक दार शोधत होते? मी "काही नाई" म्हटलं आणि बाळाचे लंगोट वाळत घालायला गेले.

सहावी वाटी तर आलीच नाही. चौथ्या दिवशी मी रस्त्यावरून जाताना पाच नंबरच्या खिडकीत पाहिलं. आत शेकोटीच्या फळीवर, घड्याळाच्या शेजारी, माझी वाटी! नाव टाकलेली बाजू पुढे करून मांडलेली. म्हणजे शिष्ट तर होताच, वर वाटी दाबून बसला.

"त्याइले भेट वाटली असन," सुजाता म्हणाली. "राहू दे. मांगाले जाऊ नको हं आई. इथी लय खराब दिसते."

"सेट मोडला ना वं माहा."

"आई!"

"नाई जात," मी म्हटलं.

वाटी मागायला

गेले. नववा दिवस होता, दुपारचे तीन, सुजाता आणि बाळ दोघंही झोपलेले. मी स्वेटरवर पदर खोचला आणि पाच नंबरच्या चार पायऱ्या चढले. दारावर पितळी हात आहे, तो हातानं धरून हातच आपटायचा असतो.

दार उघडलं. मी तयारी करून गेले होते, "प्लीज, माय बाउल." पण म्हाताऱ्याचं तोंड एकदम असं उजळलं की मी ते म्हणायचं विसरलेच. त्यानं उजवा कान माझ्याकडे केला आणि म्हणाला, "या बाजूनं बोला. डावा कान करवतीच्या यंत्रानं खाल्ला."

म्हणजे तीनही "गुड मॉर्निंग" मी त्याच्या डाव्या कानाला घातले होते. शरमेनं मला त्या पायरीवरच बसावंसं वाटलं.

आत नेऊन त्यानं मला खुर्ची दिली. घर अगदी आमच्यासारखंच, फक्त उलटं. आमची शेकोटी डावीकडे तर त्याची उजवीकडे. त्याची खुर्ची शेकोटीला चिकटून होती. तो सुतार. पन्नास वर्षं या ओळीच्या खिडक्या दुरुस्त केल्या. "बोटानं उचला," म्हणून त्यानं मला एक खिडकी दाखवली. दाराएवढी काचांची चौकट एका बोटानं वर गेली. भिंतीच्या आत दोरीला लोखंडी वजनं बांधलेली असतात, ती खिडकीचं ओझं तोलून धरतात. वर तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी दगडानं बुजवलेली आहे, तिचं काय झालं, मी विचारलं. म्हणाला, ती बुजवलेली नाही, कधी उघडीच नव्हती. रस्त्यावरून ओळ सारखी दिसावी म्हणून दगडात नुसता खिडकीचा आकार काढलाय.

"म्हणजे दिखाऊ," मी म्हटलं.

"म्हणजे दिखाऊ," तो हसून म्हणाला.

मग तोच वाटीकडे वळला. फळीवरून ती उतरवली, हातात धरली, आणि इतका वेळ बोलणारा माणूस चाचरायला लागला. त्याचं बोलणं मला अर्धंच कळत होतं, पण हे सगळं कळलं, कारण तो एकेक शब्द सुटा करून बोलला.

"मला माफ करा. मी ही परत केली नाही. माझी आई बेटावरची. ती आम्हाला कुणाचं भांडं रिकामं परत करू देत नसे. आणि मला काही रांधता येत नाही. बायको जाऊन चार वर्षं झाली. मला अंडं उकडता येतं. रोज विचार करतो, यात काय घालू? अंडं बरं दिसणार नाही."

नऊ दिवस मी ज्या माणसाला नावं ठेवत होते, तो नऊ दिवस माझ्या वाटीसमोर बसून विचार करत होता.

"मागच्या अंगणात रासबेरी आहेत," तो म्हणाला. "पण त्या जुलैत पिकतात. तोवर ही ठेवली तर चालेल?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं पाहिलं आणि चुकीचा अर्थ घेतला. घाईघाईनं वाटी पुढे करून म्हणाला, "नाही, नाही, न्या ना, तुमची आहे."

मी त्याचे दोन्ही हात वाटीसकट मागे ढकलले. "कीप," म्हटलं. "जुलै. गुड. जुलै."

त्यानं वाटीवरच्या अक्षरांवर सुताराचं जाड बोट फिरवलं. "हे काय लिहिलंय? आशीर्वाद आहे का?"

"माय डॉटर. नेम. सुजाता."

"सु-जा-टा," तो म्हणाला. परत म्हणाला. मग सावकाश म्हणाला, "तीन वर्षं ती भिंतीपलीकडे राहते. मला तिचं नाव आज कळलं."

खिरीत बारीक गोल दाणे होते ते कशाचे, असं त्यानं विचारलं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत मडावीबाईचं जंगल सांगितलं, उन्हाळ्यात बायका चारोळी वेचायला जातात ते, एकेक फोडतात ते. तो मान हलवत ऐकत होता. उठताना त्यानं शेकोटीकडे बोट दाखवलं. दोन्ही घरांची धुरांडी आत एकाच भिंतीतून वर जातात, त्यामुळे शेकोटीतून आवाज येतो. "तुम्ही बाळाला गाणं म्हणता. मी रेडिओ बंद करून उजव्या कानानं ऐकतो," तो म्हणाला. माझं गाणं मुद्दाम ऐकणारा हा जगातला पहिलाच माणूस.

घरी आले तर सुजाता दारात, खांद्याशी बाळ. "कुठी गेली होती तू? वाटी मांगाले गेली ना?"

"हाव."

"मंग कुठी आहे?"

"तिथीच आहे. जुलैत देणार हायेत."

"म्हणजे वाटी मांगाले गेली अन् ठेवून आली?" ती हसायला लागली. हसता हसता तिथंच पायरीवर बसली. मी तिला सगळं सांगितलं, नावाचं सांगितलं तेव्हा ती हसायची थांबली. पण मग म्हणाली, "आई, म्हातारा माणूस आहे. जुलैपर्यंत विसरून जाईन. तू फालतू आशा नको ठेवू."

निघताना

जूनमध्ये निघाले. निखिल दहा दिवसांपूर्वी समुद्रावरून आला होता, स्टेशनवर सोडायला तोच आला. आदल्या दिवशी मी स्वयंपाकघर घासून-पुसून आवरलं, लाडवांचे डबे भरले, उरलंसुरलं सामान वरच्या फळीवर लावून ठेवलं. बाळाच्या कपाळाचा मुका घेतला तेव्हा सुजाता म्हणाली, "आई, रडू नको वं, मंग मी पण रडीन," आणि आधी तीच रडली.

टॅक्सी निघाली तेव्हा मी मागच्या काचेतून बघत होते. दहा दारं बंद आणि चार नंबरच्या पायरीवर माझी लेक, एवढीशी. पाच नंबरची खिडकी हळूच वर गेली आणि त्यातून लोकरी टोपी बाहेर आली. त्यानं हात हलवला. सुजातानं तिकडे पाहिलं की नाही ते मला दिसलं नाही, टॅक्सी वळली.

इथे आल्यावर दिवस नेहमीसारखे गेले. थर्मलचा भोंगा, ह्यांचा डबा, नागभीडकडे भावाच्या शेतात रोवणा सुरू झाला तिकडे चार दिवस. मी फोनवर सुजाताला कधी वाटीबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं आणि "नाही" म्हणाली असती तर मला सहन झालं नसतं.

जुलैच्या शेवटी एका संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, पण चेहरा निवलेला.

"आई, निखिल नाई. बाळाले लस दिली, मंग ताप आला. दोन रात्री झोपलीच नाई मी. सकाळी तर बाळ रडे अन् मी पण रडे. अन् दार वाजलं."

मी ह्यांना खुणेनं टीव्ही बंद करायला सांगितलं.

"पाच नंबरवाले बाबा. वाटी घेऊन. काठोकाठ लाल रासबेरी. त्याइनं माहं नाव घेतलं आई, बरोब्बर, सुजाता. म्हणाले शेकोटीतून ऐकू येऊन राह्यलं होतं, म्हणून थांबलो नाई, आजच तोडल्या. मंग बाळाले मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. मी दोन तास झोपली. आई, दोन तास! उठली त बाळ झोपलेलं, अन् बाबा तुझी अंगाई गुणगुणून राह्यले, शब्दच नाई त्यात, नुसती चाल."

मी फोन ह्यांच्यापुढे धरला. हेच शेवटी म्हणाले, "बरं झालं पोरी."

सुजातानं फोन फिरवला. ओट्यावर वाटी होती, धुतलेली, तिचं नाव पुढे करून ठेवलेली. रासबेरी तिनं एकटीनंच संपवल्या होत्या, हे तिच्या बोटांवरून दिसत होतं.

"आई," ती म्हणाली, "आता वाटी माह्याकडे आहे. अशी रिकामी कशी वापस देऊ? काय घालून देऊ, सांग ना."

मी डोळे पुसले. म्हटलं, "वरच्या फळीवर पाह्य. मागं निळा डबा हाये. त्यात एचएमटीचा तांदूळ ठेवला मी, अन् चारोळीची पुडी. एका वाटीपुरतं हाये."